राखून ठेवलेली किडनी

माझी डावी किडनी माझ्या नातीच्या पोटात आहे असं सांगितलं की समोरची बाई आधी माझ्या कमरेकडे बघते आणि मग विचारते, "पण तुम्ही का? तिचे आईवडील नव्हते का?" होते की. चांगले धडधाकट होते. या प्रश्नाला मी आजवर सरळ उत्तर दिलेलं नाही. "मी एवीतेवी रिकामीच होते, म्हटलं आपलं काहीतरी कामाला येऊ दे," असं काहीबाही बोलून वेळ मारून नेते. आज मात्र सगळं लिहिणार आहे. कोणाला राग आला तर येऊ दे. माझा स्वभाव गोड म्हणून तसाही प्रसिद्ध नाही. पेठकडच्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये नोकरी झाली, डोंगरातली पोरं वळणावर आणता आणता आवाज चढला तो चढलाच. निवृत्त झाले तरी खाली आला नाही.

आमचं घर मखमलाबादला, मळ्यात. शेवंती, झेंडू, थोडा गुलाब. मुलगा पहाटे फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात जातो, सून तोडणीवर बायकांबरोबर असते, आणि मी घरात हुकूम सोडत असते. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एकच, आणि त्याला मुलगीही एकच. ती माझ्या अंगाखांद्यावर वाढली. आई फुलात, बाप बाजारात, मग पोर कोणाची? आजीची.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सकाळी उठली की तिचे डोळे सुजलेले दिसायचे. मोबाइल बघत जागते म्हणून मीच तिच्यावर ओरडले होते. मग पाय सुजायला लागले, जेवण जाईना, जिना चढली की धाप लागायची. गावातल्या डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि त्यांचा चेहराच उतरला. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या आक्रसून गेल्यात, बहुधा लहानपणापासूनच आतल्या आत काहीतरी चाललं होतं. एकविसाव्या वर्षी पोर आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या पलंगावर पडायला लागली. तिच्या मैत्रिणी तेव्हा गंगापूर रोडला कॉफी प्यायला जात होत्या. हिला दिवसभरात प्यायला मिळणारं पाणी मी वाटीनं मोजून द्यायची.

किडनीच्या डॉक्टर बाईच होत्या. माझ्या मुलाच्या वयाच्या, केस पांढरे झालेले, बोलणं एक घाव दोन तुकडे. मला आवडल्या. त्यांनी आम्हा चौघांना एकदम समोर बसवलं. सुनेचा रक्तगट जुळत नव्हता, तो विषय तिथेच संपला. मुलाचा जुळत होता. माझाही जुळत होता. पुढच्या तपासण्यांतही दोघं पास. दोघांपैकी कोणाचीही चालेल, असं त्या म्हणाल्या, आणि मग वयाचं आणि बाईपणाचं गणित सांगायला लागल्या.

"आजी, म्हाताऱ्या माणसाचं शरीर परक्या किडनीशी फार भांडत नाही. थकलेलं असतं, घेतं जमवून. त्यांना भीती असते ती जंतूंची आणि हृदयाची. तरुण शरीर मात्र भांडखोर. आणि तरुण मुलींच्या बाबतीत आमचा अनुभव असा आहे, की मुलांपेक्षा त्यांची किडनी जास्त वेळा वाया जाते. पुढे वय वाढलं की हेच उलटं होतं, बायकांचं बरं चालतं. पण या वयात मुलींना जपावं लागतं."

"का पण?" मी विचारलं.

"पूर्ण कोणालाच माहीत नाही. काही शरीरातलं असतं, आणि काही घरातलं."

घरातलं म्हणजे काय, ते तेव्हा विचारायला हवं होतं. पण माझं लक्ष माझ्या मुलाकडे होतं. तो खाली मान घालून आपल्या चपलेचा अंगठा बघत बसला होता, आणि त्याची नजर काही वर येईना.

बाई पुढे म्हणाल्या, "वडिलांची किडनी तरुण आहे, ती जास्त वर्षं चालण्याची शक्यता जास्त. आजींचीही चांगली आहे, पण तिचं वय झालेलं आहे, ती हिला जन्मभर पुरणार नाही. आता ही लहान आहे, म्हणजे पुढे कधीतरी दुसरी लागणारच. काही घरांमध्ये वडिलांची नंतरसाठी ठेवतात. पण त्यात एक धोका असतो. पहिली किडनी शरीराने नाकारली तर रक्तात विरोध तयार होतो, मग दुसरी जुळवणं अवघड जातं."

आम्हा मंडळींची एक खोड असते. डॉक्टरांच्या बोलण्यातलं आपल्याला सोयीचं तेवढं कानात शिरतं आणि बाकीचं पंख्याच्या वाऱ्याबरोबर उडून जातं. मी म्हटलं, "माझी घ्या. घरात आपण कसं करतो? आधी जुने तांदूळ संपवायचे, नवे राखून ठेवायचे. तसंच. माझी चालेल तितकी चालेल, मग बापाची आहेच." सून लगेच म्हणाली, "आई बरोबर बोलतात. यांचं अजून लय वय जायचंय. मळा कोण बघंल?" मुलगा अजून चपलेकडेच बघत होता. डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि लिहायला घेतलं.

करता पुरुष. हा शब्द त्या दिवसांत आमच्या घरात येईल जाईल त्याच्या तोंडी होता. भावकीतले आले, बाजारातले आले, सगळ्यांचं एकच, "बरं केलं, करत्या पुरुषाच्या अंगाला हात नको." आणि मी? मी काय पाटावर बसून होते? पण माझ्याही तोंडून तेच निघत होतं. रात्रंदिवस मला एकच प्रश्न टोचत होता, की पोरीच्या जागी पोरगा असता तर हा अंगठा बघत बसला असता का? आईच्या मनात असा प्रश्न यावा याचीच मला लाज वाटायची, आणि मग त्याचाच राग यायचा.

ऑपरेशन झालं. माझं दुखणं चार दिवसांचं. कुशीतून कोणीतरी खुरप्यानं माती काढल्यासारखं वाटायचं, मग तेही गेलं. तिकडे पोरीला टेबलावरच लघवी सुरू झाली होती. सून धावत धावत मला सांगायला आली. लघवी झाली म्हणून पेढे वाटणारं आमचं एकच घर असेल मखमलाबादला! महिनाभरात तिच्या गालांवर रंग आला. मी तिला तांब्याभर पाणी ओतून दिलं आणि "पी, पोटभर पी," म्हटलं, तेव्हा ती एका दमात सगळं प्यायली आणि हसली. तसं हसणं मी फार दिवसांनी बघितलं होतं.

पुढे तपासणीसाठी आम्ही दोघी जायचो. त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसलं की जग कळतं. घेणारे बहुतेक पुरुष, देणाऱ्या बहुतेक बायका. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची बहीण. मालेगावकडचे एक काका नेहमी भेटायचे, साठी ओलांडलेले. बायकोची किडनी घेतलेली. स्वभाव असा की बाकावरून नर्सवर ओरडणार, चहाला नावं ठेवणार. पण तब्येत कशी? एकदम ठणठणीत. डॉक्टरबाई त्यांना म्हणायच्या, "काका, तुमच्यापेक्षा तुमची किडनी शहाणी आहे." मी मनात म्हटलं, शहाणी असणारच. काकूची आहे ना. आणि काकूच सांगायची, घरी घड्याळात आठ वाजले की सकाळ-संध्याकाळ ती हातात गोळी आणि पेला घेऊन उभी राहते. काकांना गोळीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. तोंड उघडायचं एवढंच त्यांचं काम.

आमच्या पोरीच्या गोळ्या सुरुवातीला मीही अशाच द्यायची. मग एक दिवस ती तडकली. "आजी, मी काय बालवाडीत आहे का? माझं मला कळतं." डॉक्टरबाईही म्हणाल्या, सवय लावू द्या, तिचं तिला करू द्या. बरोबरच होतं ते. चोवीस वर्षांच्या मुलीच्या मागे गोळ्या घेऊन किती दिवस फिरायचं? तरी मी दाराआडून बघायची. ती नेमानं घ्यायची. त्या गोळ्यांनी तिचा चेहरा गोल झाला, ओठांवर लव आली. आरशासमोर उभी राहून दोन बोटांनी गाल आत ओढायची. पण गोळी चुकवायची नाही. एवढं मी तिच्या बाजूनं शपथेवर सांगेन.

मग घरात लग्नाचं वारं शिरलं. सुनेला वाटत होतं की किडनीचं आधी सांगू नये, पसंती होऊ दे. मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही. पोटावर एवढा वण आहे, तो काय पहिल्या रात्री दाखवणार?" पोर स्वतःच सगळं सांगायची, बघायला आलेल्यांना चहा देता देता. सिन्नरच्या स्थळातल्या बाईंनी विचारलं, मूल होईल का? डॉक्टरांना विचारून, दिवस बघून, होऊ शकतं, असं तिनं नीट सांगितलं. "कळवतो," म्हणाल्या. दुसरीकडच्यांनी विचारलं, किडनी कोणाची? आजीची, म्हटल्यावर मुलाचा काका म्हणतो, "म्हणजे म्हातारीच की!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "हो, म्हातारीच. पण तुमच्या जिभेपेक्षा बरी चालते." ते स्थळही गेलं. आणि त्याच महिन्यात हॉस्पिटलातल्या बाकावर आमच्याच वेळचा एक मुलगा पेढे वाटत होता. आईची किडनी घेतलेला. लग्न ठरलं होतं त्याचं. मुलगी शिकलेली, नोकरीवाली. पोरीनं पेढा घेतला, अभिनंदन केलं, आणि रिक्षात बसल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले.

श्रावण लागला तशी सून म्हणाली, "आई, हिला सोळा सोमवार धरायचेत."

मी म्हटलं, "उपास कशाला? तिच्या तब्येतीला..."

"मला करायचंय आजी," पोरच मधे बोलली. "सगळे माझ्यासाठी एवढं करतात. मी एकदा तरी स्वतःहून काहीतरी करते."

"पाणी पिणार ना पण? आणि गोळ्या?"

"हो गं बाई, सगळं घेईन. किती ते प्रश्न!"

लग्न व्हावं म्हणून आमच्याकडे मुली सोळा सोमवार करतात, त्यात नवल काही नाही. मीही केले होते, आणि काय मिळालं ते जाऊ दे. दर सोमवारी मायलेकी सकाळी लवकर कपालेश्वराला जायच्या, तिथूनच सून फुलांकडे आणि पोर तिच्या अर्धवट राहिलेल्या कॉलेजला. संध्याकाळी घरी पूजा, कणकेचा चुरमा, मग जेवण. घर कसं प्रसन्न वाटायचं. सुनेच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी आशा दिसत होती, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी तिच्या घोट्यावर पैंजणाचा ठसा उमटलेला मला दिसला. पैंजण काढून ठेवलं तरी ठसा जाईना. मी अंगठ्यानं दाबून बघितलं, खळगा तसाच राहिला. "कधीपासून?" म्हटलं. "आठवडा झाला असेल, उभं राहून राहून आलं असेल," म्हणाली. तिलाही कळलं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

रक्ताचे आकडे आले ते दुपटीच्या वर. लगेच दाखल केलं, पाठोपाठ किडनीचा सुईनं तुकडा काढून तपासला. डॉक्टरबाई खोलीत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीची घाई नव्हती. स्टूल ओढून पोरीजवळ बसल्या.

"शरीर किडनी नाकारतंय. जोरात. गोळ्या चुकल्या का? मी रागावणार नाही, पण मला खरं कळलं पाहिजे."

"नाही हो," पोर म्हणाली. "एकही गोळी टाकलेली नाही. शप्पथ."

ती खोटं बोलत नव्हती. मग सून पुढे झाली, पदराशी चाळा करत. "चुकल्या नाय मॅडम. फक्त सोमवारी सकाळची संध्याकाळी घ्यायची. तोंडात पाणी घ्यायचं नसतं ना पूजेपर्यंत. संध्याकाळी दोन्ही बरोबरच घ्यायची, एकबी वाया नाय घालवली."

डॉक्टरबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. सुनेला वाटलं तिला नीट सांगता आलं नाही, म्हणून ती आणखी समजावून सांगायला लागली. "तुम्हीच नाय का, रक्त तपासायच्या दिवशी सांगता, सकाळची गोळी घेऊ नका, रक्त दिल्यावर घ्या म्हणून? तवा चालतं. मग म्हटलं, देवाच्या दिवशी बी चालंल."

कपाळ माझं! ज्या सूचनेचं आम्ही इतकी वर्षं काटेकोर पालन केलं, तीच ही बाई पुरावा म्हणून पुढे करत होती. आणि तिच्या डोक्यात ते अगदी सरळ होतं. देवाला आणि डॉक्टरला दोघांनाही सांभाळलं, असंच तिला वाटत होतं. श्रावणापासून दर सोमवारी पोरीनं दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही, सकाळची गोळी घेतली नाही, आणि संध्याकाळी दोन्ही एकदम गिळल्या. एका जित्याजागत्या माणसाच्या शरीरात माझी किडनी दर आठवड्याला दिवसभर गोळीच्या पहाऱ्यावाचून उघडी पडत होती.

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तपासणीच्या दिवशी गोळी दोन-तीन तास उशिरा होते. रक्तात आधीची किती उरली ते बघायचं असतं म्हणून. दिवसभर ठेवायला नाही सांगत आम्ही." त्या एवढंच बोलल्या. बाकीचं मी बोलले. सुनेला मी तिथे, भरल्या हॉस्पिटलात, नको नको ते बोलले. अक्कल काढली, माहेर काढलं, देव काढला. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि "मी पोरीचं वाईट चिंतलं का हो आई?" एवढंच म्हणत राहिली. पोर पलंगावरून ओरडली, "आजी, बास कर! मी घेत नव्हते. मी. मीच बाईंना विचारायला पाहिजे होतं."

तेव्हा मला बाईंचं ते वाक्य आठवलं, काही शरीरातलं, काही घरातलं. त्या बाकावरचा पेढेवाला मुलगा काही सोळा सोमवार करणार नव्हता. लग्न व्हावं म्हणून त्याला कोणी उपाशीतापाशी ठेवणार नव्हतं. मालेगावच्या काकांच्या वाटचे उपास काकूच करत असणार. या वयात मुलींना जपावं लागतं, असं बाई म्हणाल्या होत्या, आणि जपायचं म्हणजे लग्न करून द्यायचं, एवढाच अर्थ आमच्या घराला लागला होता. सुनेवर ओरडून काय उपयोग होता? तीही याच घरात शिकली ना.

इंजेक्शनं झाली, रक्त मशीनमधून काढून धुऊन परत घालायचं झालं. कधी आकडा थोडा खाली यायचा आणि आम्ही देवासमोर साखर ठेवायचो. मग परत वर. थंडी पडली, शेवंती भरात आली, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता यात काही राहिलं नाही, डायलिसिस सुरू करू. पोरीनं मान हलवली. मी उठून बाहेर आले आणि जिन्यात बसून मोठमोठ्यानं रडले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत म्हटलं.

त्यानंतरच्या एका दुपारी मुलगा ओट्यावर हार ओवत बसला होता. मी शेजारी फुलं निवडत होते. सुई खाली ठेवून तो म्हणाला, "आई, उद्या जाऊन येऊ. माझी काढा म्हणावं." लहानपणी हा सुई बघितली की शाळेच्या मागच्या भिंतीवरून पळायचा, ते मला आठवलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर शर्ट घामानं ओला झालेला होता, थंडीच्या दिवसांत. माझा मुलगा आहे तो. त्याच्यावरचा माझा सगळा राग त्या ओल्या शर्टात विरघळला.

तपासण्या झाल्या. रक्तगट तोच, तब्येत उत्तम. शेवटची एक चाचणी असते, पोरीच्या रक्तात बापाच्या पेशी मिसळून बघतात, भांडण होतं का ते. तिचा निकाल सांगायला बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. पोर तेव्हा खालच्या मजल्यावर डायलिसिसवर होती.

"जुळत नाही," बाई म्हणाल्या.

"असं कसं? आधी जुळत होतं ना?" मुलगा म्हणाला.

"आधी जुळत होतं. आता तिच्या रक्तात आजींच्या किडनीविरुद्ध द्रव्यं तयार झालीत. आजींच्या पेशींवर जी ओळखीची खूण आहे, ती दिसली की ती धावून जातात. त्यातली अर्धी खूण तुमच्या अंगात आहे. आईकडून आलेली. तिला ती तुमच्याकडून आली नाही, तिला तुमच्या वडिलांची आली. म्हणून तिचं रक्त आता तुम्हालाही आजीच समजतं."

मला कळायला जरा वेळ लागला. माझ्या पोटचा म्हणून तो चालत नव्हता. जी किडनी मी त्याच्या आधी पुढे केली, तिनंच त्याची वाट बंद करून ठेवली होती. रागवायला समोर कोणी नव्हतं. डॉक्टरबाईंनी हे सगळं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आम्हा चौघांच्या तोंडावर.

"आधी माझीच घेतली असती तर?" मुलानं विचारलं.

"टिकलीच असती असं मी म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "सोमवार तेव्हाही आलेच असते." मग त्या पुढचं सांगत राहिल्या. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी यादीत नाव घालू, पण आता हिला जुळणारी मिळायला वेळ लागेल, खूप वेळ लागू शकेल, तोपर्यंत डायलिसिस नीट चालू ठेवायचं. मी ऐकत होते. सून रडत होती. मुलगा खुर्चीतून उठला आणि पोरीचा डबा उचलून बाहेर गेला.

पोरीला सांगायचं कोणी? मीच खाली गेले. डायलिसिसच्या खोलीत ओळीनं पलंग, प्रत्येकाशेजारी मशीन, आणि तिच्या आसपास सगळी तिच्या बापाच्या वयाची माणसं. एका हाताला नळ्या लावलेल्या, दुसऱ्या हातानं ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती. मला बघून तिनं कानातला इअरफोन काढला.

"बाबांचं आलं का?"

"आलं," मी म्हटलं. "नाही जुळत बाळा."

ती छताकडे बघत राहिली. मी तिचा मोकळा हात हातात घेतला, गार होता. रडेल, चिडेल, मला काहीतरी बोलेल, असं वाटत होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"बरं झालं," ती म्हणाली.

"काय बरं झालं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बाबा फार घाबरतात गं आजी. पहिल्या वेळीही घाबरले होते. तू 'माझी घ्या' म्हणालीस ना, तेव्हा त्यांनी असा श्वास सोडला होता. मी शेजारीच बसले होते. मला ऐकू आला." तिनं माझा हात जरा दाबला. "मी कोणाला बोलले नाही. आता परत त्यांना त्यातून जायला नको."

एवढी वर्षं ही पोर ते पोटात घेऊन फिरत होती. वाटायचं, घरात ते मला एकटीलाच माहीत आहे. तेवढ्यात मागे हालचाल झाली म्हणून मी वळले. मुलगा दारात उभा होता. तिच्या जेवणाचा डबा त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. कधीपासून उभा होता कोण जाणे. आत यायला त्याचा पाय उचलत नव्हता.

पोरीनंही त्याला बघितलं. उशीवरून मान उचलून ती म्हणाली, "बाबा, या ना. बसा इथं."